संधिप्रकाशातील नेम

माणसाच्या बऱ्यावाईट कृत्यांचा निवाडा करताना नीतिशास्त्रज्ञ त्याचा हेतू पाहतात, कृत्याचे स्वरूप पाहतात आणि परिणामही पाहतात. परंतु कृत्य करतेवेळी त्याला कितपत दिसत होते, हा साधा प्रश्न त्यांच्या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक जगात घडणाऱ्या पुष्कळशा अनर्थांच्या मुळाशी दुष्टपणा नसतो. अर्धवट उजेड आणि पूर्ण खात्री यांचा संयोग तेथे झालेला असतो. अर्धवट उजेडात माणसाने हात चालवावा की आवरावा, आणि चालवावयाचा तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न न्यायाधीशापुढे, वैद्यापुढे, किंबहुना प्रत्येक संसारी माणसापुढे रूपकाने उभा असतो. एके ठिकाणी मात्र तो रूपक टाकून अक्षरशः उभा राहतो. ते ठिकाण म्हणजे रायफलीवर बसविलेली, मंद प्रकाशात नेम धरण्यासाठी केलेली दुर्बीण. या दुर्बिणीची परीक्षा कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. दुकानात जी परीक्षा होते ती येथे वर्ज्य नाही. कारण यंत्र नीट समजल्यावाचून त्याच्या नीतीविषयी बोलणे म्हणजे हवेत बोलणे होय. पण ती परीक्षा जेथे संपते तेथून पुढे आपल्याला जावयाचे आहे.

ज्या देशात शिकार कायद्याने बंद झाली आहे, तेथे शिकारीच्या दुर्बिणीची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. या आक्षेपाचे उत्तर गोंदिया जिल्ह्यातील कोणताही धान पिकविणारा शेतकरी देईल. गोंदिया शहराजवळच्या मुर्रीपासून निघून दक्षिणेकडे नवेगाव-नागझिऱ्याच्या अरण्यापर्यंत गेले, तर वाटेत धानाच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव आणि झुडपी जंगल यांची अशी सरमिसळ दिसते की, शेत कोठे संपले आणि रान कोठे सुरू झाले हे सांगणे कठीण व्हावे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ मध्ये या सर्व प्रदेशाचा मिळून व्याघ्रप्रकल्प करण्यात आला. अरण्याला सीमा असते. अरण्यातल्या जनावरांना ती ठाऊक नसते. धान भरावयास लागले की दिवस मावळता मावळता रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरतात, आणि खातात त्याहून अधिक तुडवून जातात. चार महिने चिखलात राबलेल्या कुटुंबाचे वर्ष एका रात्रीत मातीला मिळते. याच वेळी, याच बांधावरून, राखणीला निघालेली माणसे जात असतात. आणि चैत्राच्या सुमारास तर पहाट फुटण्यापूर्वीच बायकामुले मोहफुले वेचावयास झाडाखाली वाकलेली असतात. झाडाखाली वाकलेला माणूस आणि माती उकरणारे डुक्कर यांत अंधुक उजेडात किती अंतर असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या विषयाचे महत्त्व पटविण्याची गरज नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने करमणुकीच्या शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपुष्टात आणले. तथापि त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने एक दार किलकिले ठेवले आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक झालेले जनावर, तसेच काही जातींच्या बाबतीत उभ्या पिकाला धोकादायक झालेले जनावर, अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेने मारता येते. म्हणजे आज आपल्याकडे कायदेशीर बंदूक उचलली जाते ती हौसेने नव्हे, गरजेने. आणि ज्या जनावरांमुळे ती गरज पडते ती बहुतेक सांजसकाळ किंवा रात्री बाहेर पडणारी असल्यामुळे मंद प्रकाशाचा प्रश्न टाळता येत नाही.

आता यंत्राकडे वळू. अशा दुर्बिणीच्या अंगावर दोन आकडे लिहिलेले असतात. ‘८×५६’ याचा अर्थ असा की, ती वस्तू आठपट मोठी दाखविते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ५६ मिलिमीटर आहे. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. येथे तो ७ मिलिमीटर. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली काळोखात साधारण तितकीच विस्फारते, म्हणून हा झोत तिच्यात पुरेपूर मावतो. उतारवयात बाहुली ५ मिलिमीटरांच्या आसपासच उघडते. तेव्हा साठीच्या माणसाने सात मिलिमीटरांच्या झोतासाठी मोठे भिंग विकत घेतले, तर त्यातला बराचसा प्रकाश त्याच्या बुबुळावर पडून वाया जातो. दुसरे परिमाण संधिप्रकाशांकाचे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावयाचे. ८×५६ चा अंक सुमारे २१ येतो, ४×३२ चा सुमारे ११. अंक मोठा तितका संधिप्रकाशात तपशील अधिक, असे सांगतात. परंतु या हिशेबात काचेच्या प्रतीला जागाच नाही, हे विक्रेते सांगत नाहीत. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून शेकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. अशी दहा पृष्ठे ओलांडली की शंभरातले सहासष्टच भाग पलीकडे पोचतात. येना येथील त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिसूक्ष्म लेप देऊन हे परावर्तन मारण्याची युक्ती काढली. आजच्या उत्तम लेपांनी प्रत्येक पृष्ठावरची हानी अर्ध्या टक्क्यावर आणली, तर तीच दहा पृष्ठे ओलांडून पंचाण्णव भाग हाती येतात. चांगल्या आणि सामान्य दुर्बिणीतला खरा भेद येथे आहे, आकड्यांत नाही.

पण या सर्व कारागिरीला एक मर्यादा आहे, आणि तत्त्वचिंतकाने नेमके तिच्याजवळ थांबावे. दुर्बीण प्रकाश ‘गोळा करते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यावरून सामान्य माणसाची समजूत होते की, ती अंधारलेले शेत उजळून दाखवीत असली पाहिजे. तसे होत नाही. ताऱ्यासारख्या बिंदूची गोष्ट वेगळी. परंतु शेत, झुडूप, जनावर यांसारख्या पसरट वस्तूचे तेज कोणत्याही भिंगरचनेने नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढविता येत नाही, हा प्रकाशशास्त्राचा सिद्धांत आहे. उत्तमातली उत्तम दुर्बीण ते फार कमी होऊ देत नाही, एवढेच तिचे यश. तिने जे साधते ते मोठेपणाचे. प्रतिमा मोठी झाल्याने दृष्टिपटलाचा अधिक भाग कामास लागतो आणि तपशील उमगतो. थोडक्यात, दुर्बीण वस्तू मोठी करते, उजेड वाढवीत नाही. सूर्याने जेवढे दिले असेल तेवढ्याच भांडवलावर तिचा व्यापार चालतो.

आणि आपल्या प्रदेशात सूर्य या बाबतीत काहीसा कृपण आहे. गोंदियाच्या अक्षांशावर सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत, म्हणजे ज्याला आपण कातरवेळ म्हणतो तो काळ, बावीस ते पंचवीस मिनिटांचा. ज्या जर्मनी-ऑस्ट्रियाच्या कारखान्यांनी या दुर्बिणी नावारूपास आणल्या तेथे तो अर्ध्या तासाहून मोठा असतो, आणि उन्हाळ्यात चाळीस मिनिटांपर्यंत जातो. इकडे डोळ्याला काळोखाची पुरती सवय होण्यास अर्धा तास तरी लागतो. म्हणजे आपल्याकडे डोळा तयार होतो न होतो तोच उजेड संपलेला असतो. शिवाय मंद प्रकाशात डोळ्याचा कारभार वेगळ्या हाती जातो. रंग ओळखणाऱ्या पेशी मिटतात आणि करड्या छटाच जाणणाऱ्या पेशी काम पाहतात. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी या दुसऱ्या पेशी नसल्यामुळे ज्या वस्तूवर आपण टक लावतो तीच विरघळते, आणि कडेने पाहिलेली उमटते. तांबूस रंग आधी काळवंडतात, निळसर मागाहून. ही गोष्ट पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदविली होती. तेव्हा शेंदरी लुगडे नेसलेली बाई कातरवेळी काळी दिसते, हा पाहणाऱ्याचा दोष नसून डोळ्याची घडण आहे. घडण माहीत असून तिच्यावर विसंबणे हा मात्र दोष होय.

यंत्र आणि डोळा यांच्या मर्यादा कळल्या म्हणजे ‘दिसणे’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते ध्यानात येते. अमेरिकी लष्करासाठी काळोखात पाहण्याच्या साधनांवर काम करणाऱ्या जॉन जॉन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये या शब्दाची फोड केली. ‘तेथे काहीतरी आहे’ एवढे कळण्यास वस्तूच्या रुंदीवर काळ्यापांढऱ्या रेषांची एक जोडी ओळखता आली तर पुरते. ते काय जातीचे आहे हे कळण्यास अशा चार जोड्या लागतात. आणि नेमके कोणते आहे हे कळण्यास सहाहून अधिक. म्हणजे ‘काहीतरी आहे’ आणि ‘हे अमुकच आहे’ या दोन वाक्यांत सहापट अंतर आहे. उतरत्या उजेडात तपशील जसजसा गळत जातो तसतशी आधी तिसरी पायरी सुटते, मग दुसरी, आणि पहिली सर्वांत शेवटी. मधल्या काळात शेताच्या कडेला एक हलणारा आकार दिसत असतो, पण तो कोण हे कळत नसते. सर्व धोका या मधल्या काळात आहे. येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सामान्य दुर्बिणीत वस्तू लवकर नाहीशी होते आणि माणूस नाइलाजाने बंदूक खाली ठेवतो. उत्तम दुर्बिणीत ओळख जास्त वेळ टिकते हे खरे, पण ओळख गेल्यानंतर आकारही जास्त वेळ टिकतो. म्हणजे उत्तम यंत्र ज्ञान वाढविते आणि त्याबरोबर भ्रमाची मुदतही वाढविते. त्यात भिंगाच्या मध्यभागी चमकणारा तांबडा ठिपका असला तर पाहावयासच नको. धूसर आकारावर तेजस्वी ठिपका बसला की मनाला वाटते, खूण पटली! वास्तविक पटलेली असते ती ठिपक्याची जागा. आकाराचे नाव नव्हे.

आपल्या पुराणकारांनी ही भूमी फार पूर्वी चाचपून ठेवली आहे. चुकलेल्या नेमाच्या तीन कथा आपल्या दोन महाकाव्यांत आहेत, आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या आहेत. दशरथाने शरयूच्या काठी रात्री घागर भरल्याचा आवाज ऐकला आणि तो हत्ती समजून बाण सोडला. त्याने काही पाहिलेच नव्हते. शब्दवेधाच्या विद्येचा अभिमान एवढाच त्याचा पुरावा. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली निजलेल्या श्रीकृष्णाला हरिण समजून त्याच्या तळव्यात बाण मारला. त्याने पाहिले होते, पण ओळखले नव्हते. तिसरी कथा पांडूची. त्याने हरणाचे मिथुन पाहिले, ते हरणांचे आहे हे ओळखले, आणि बाण मारले. ते हरिण म्हणजे किंदम ऋषी होता. या कथेतील मर्म असे की, मृगया केली म्हणून ऋषी राजाला दोष देत नाही. ज्या क्षणी आपण आपल्या सहचरीशी रत होतो तो क्षण तरी टळू द्यावयाचा होतास, हे त्याचे गाऱ्हाणे आहे. पांडूला भरदुपारचा उजेड आणि जगातली सर्वोत्तम दुर्बीण दिली असती तरी तो वाचला नसता. दशरथाला दिसले नाही, व्याधाला ओळखले नाही, पांडूला अधिकार नव्हता. दिसणे, ओळखणे आणि अधिकार असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्बीण पहिलीत पुष्कळ साहाय्य करते, दुसरीत थोडेफार, आणि तिसरीत मुळीच नाही.

जुन्या शिकाऱ्यांच्या रीतीत हे ज्ञान मुरलेले होते. १९७२ च्या कायद्याच्या मूळ सतराव्या कलमात शिकारीच्या निषिद्ध पद्धतींची यादी होती. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करू नये, कृत्रिम प्रकाश वापरू नये, पाणवठ्यावर किंवा त्याच्या वाटेवर जनावर गाठू नये, असे त्यात सांगितले होते. मारलेल्या सावजावर परतणाऱ्या मांसभक्षक जनावरापुरता, खास परवानगीने, रात्रीचा व प्रकाशाचा अपवाद होता. दशरथाने यांतील दोन नियम एकाच बाणाने मोडले होते, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. १९९१ मध्ये शिकारच बंद झाल्यामुळे हे कलम वगळण्यात आले. तर्काने ते बरोबरही होते. जी गोष्ट करावयाचीच नाही तिची रीत कशाला सांगावी? परंतु अपवादाने का होईना बंदूक उचलली जातेच; आणि त्या वेळी ती रीत कायद्याच्या पुस्तकात नसली तरी उचलणाऱ्याच्या मनात असावी लागते.

येथे दोन आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. पहिला आक्षेप जुन्या शिकाऱ्याचा. तो म्हणेल की, काळोख हे जनावराचे हक्काचे पांघरूण आहे. भिंगे लावून ते ओढून काढणे हा अधर्म होय. हौसेच्या शिकारीपुरते हे म्हणणे मान्य केले पाहिजे. जेथे खेळ आहे तेथे दोन्ही पक्षांना संधी असावी, नाही तर तो खेळ नव्हे, कत्तल होय. पण शेतकऱ्याच्या बांधावर खेळ चाललेला नसतो. तेथे मारणे हे दुःखद कर्तव्य असेल, तर ते एका गोळीत, कमीत कमी यातना देऊन पार पाडणे हाच न्याय. अंदाजाने मारलेली गोळी पोटात बसते, आणि जनावर दोन दोन दिवस झुडपात तडफडत मरते, किंवा न मरता माणसावर उलटते. म्हणून जी सोय खेळात अधर्म ठरते तीच गरजेच्या प्रसंगी दया ठरू शकते. साधन तेच, प्रसंगाने त्याची नीती पालटली.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, आणि तो शेतकऱ्याचा आहे. तो म्हणतो, “तुम्ही ओळखीची आणि अधिकाराची चर्चा करीत बसा, माझे धान आज रात्री जाणार आहे.” परवानगी मिळावयास दिवस लागतात, बंदूक चालविणारा मिळत नाही, नुकसानभरपाई उशिरा येते, मग तो विजेच्या खांबावरून आकडा टाकून कुंपणाच्या तारेत प्रवाह सोडतो. विदर्भातल्या खेड्यांत ही गोष्ट कोणाला नवी नाही. ही तार म्हणजे आपल्या विषयाचे दुसरे टोक होय. तिला डोळा नाही, भिंग नाही, ओळख नाही; जो स्पर्श करील तो मेला. डुक्कर, गाय, शेजारी, स्वतःचा मुलगा, सर्व तिला सारखे. नागझिऱ्यातून आलेला जय नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात स्थिरावला आणि २०१६ नंतर पुन्हा दिसला नाही. त्याचा बछडा म्हणून ओळखला जाणारा श्रीनिवास हा वाघ २०१७ मध्ये नागभीडकडच्या एका शेतात अशाच तारेला लागून मेला. तार बांधणाऱ्याचे वाघाशी काही वैर नव्हते. दशरथाने निदान कान दिला होता. तारेने तेवढेही केले नाही. तेव्हा तार आणि दुर्बीण यांतच निवड करावयाची झाली, तर दुर्बिणीच्या मागे एक माणूस आहे, त्याला थांबता येते, हा फार मोठा गुण तिच्या पदरी टाकला पाहिजे. परंतु हा गुण यंत्राचा नसून त्या थांबू शकणाऱ्या माणसाचा आहे. तो थांबणारच नसेल तर त्याच्यात आणि तारेत फरक उरत नाही. आणि शेतकऱ्याला तारेकडे ढकलणारी दिरंगाई ज्यांच्या हाती आहे, त्यांनीही आपण कोणत्या काळोखात काय सोडून दिले आहे याचा विचार करावा.

मग रात्री गोळी झाडणे कधीच न्याय्य नाही काय? तसे म्हणता येत नाही. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्याने सरकारी नोंदीप्रमाणे सव्वाशे माणसे मारली होती. १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभी जिम कॉर्बेटने त्याला रात्री मारले. आंब्याच्या झाडावर बसून, आमिषाच्या बोकडाच्या गळ्यातली घंटा वाजताच रायफलीवरचा विजेचा दिवा पेटवून. दिव्याचा प्रकाश क्षणभरच टिकला. त्या क्षणाच्या उजेडावर एवढा मोठा निर्णय कसा टेकला? उत्तर असे की, तो त्या क्षणावर टेकलेलाच नव्हता. त्यामागे कित्येक आठवड्यांची दिवसाची पाहणी होती. पाऊलखुणा, येण्याजाण्याच्या वाटा, सवयी यांचा अभ्यास होता. ओळख दिवसा झाली होती. रात्री तिच्यावर फक्त शिक्कामोर्तब झाले. ज्याने दिवसा ओळख करून घेतली नाही त्याला रात्री नुसत्या भिंगातून ती होणार नाही. कॉर्बेटच्या समकालीन असलेला वनाधिकारी चँपियन याने याच काळात रानवाटेवर तार बांधून, वाघाच्या पावलाने दिवा पेटून छायाचित्र निघेल अशी योजना केली, आणि १९२७ मध्ये त्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचाही नेम काळोखातलाच होता. पण तो चुकला तर एक काच फुकट जाई, जीव जात नसे. आज नरभक्षक ठरविताना ज्या कॅमेऱ्यांतून वाघाचे पट्टे ताडून पाहतात, ते या कल्पनेचेच वंशज होत.

ही सर्व साधने हाती असूनही प्रश्न कसा उरतो ते यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. पांढरकवडा-राळेगाव भागातील टी-१ उर्फ अवनी या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. तिला प्रथम बेशुद्ध करून पकडण्याचा यत्न करावा, ते न साधल्यास मारावे, अशी आज्ञा होती, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आज्ञेत हात घालण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली. तिच्यामागे दोन बछडे होते. ज्या गावांनी आपली माणसे गमावली होती त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याला कोणी हसू नये. शहरात बसून त्यांच्या भयाची किंमत ठरविणे हा निर्दयपणा होय. तथापि नंतर जो वाद पेटला तो ‘वाघीण तीच होती की दुसरी’ एवढ्यावर थांबला नाही. रात्र का निवडली, बेशुद्धीची सुई खरोखर आधी मारली की नाही, आज्ञेतल्या पायऱ्या क्रमाने चढल्या गेल्या की नाही, यावर तो चालला. म्हणजे तो पांडूचा वाद होता. दिसले होते, ओळखलेही असेल. अधिकार त्या क्षणी पुरा झाला होता काय? हे ठरविण्यास रात्र हा फार वाईट साक्षीदार असतो. दिवसा केलेले कृत्य दहाजण पाहतात. रात्रीचे कृत्य करणाऱ्याच्या शब्दावर राहते, आणि तो शब्द खरा असला तरी त्याला आधार मिळत नाही. काळोखात बंदूक चालविणाऱ्याने स्वतःच्या प्रामाणिकपणासाठी सुद्धा उजेडाची वाट पाहावी, असा या प्रकरणाचा धडा आहे.

कोणी म्हणेल की, हे सर्व जुन्या भिंगांपुरते. आता शरीराच्या उष्णतेवरून चित्र उमटविणारी यंत्रे आली आहेत, त्यांना उजेड लागतच नाही. खरे आहे, आणि झुडपामागे निजलेला माणूस गोळी सुटण्यापूर्वी उमगून येईल, हा त्यांचा उपकार लहान नाही. परंतु ऊब सर्वांच्या अंगात असते. उष्णतेचे यंत्र ‘तेथे जीव आहे’ हे सांगण्यात अद्वितीय आहे. दूरवरचा तो जीव डुकराचा, अस्वलाचा की कांबळे पांघरून बसलेल्या राखणदाराचा, हे सांगताना तेही अडखळते. पहिली पायरी त्याने सोपी केली, तिसरी होती तेथेच राहिली. साधने जसजशी सुधारत जातील तसतशी ‘मला दिसले नाही’ ही सबब दुर्बळ होत जाईल, आणि ‘मी ओळखून घेतले नाही’ हा अपराध अधिक उघडा पडेल. सुधारलेल्या साधनाबरोबर जबाबदारी कमी होते, ही समजूत उलटी आहे.

तर मग मंद प्रकाशातील दुर्बिणीची परीक्षा कशी करावी? आकडे पाहावेत, काचेचा लेप पाहावा, आपल्या वयाच्या बाहुलीला किती झोत मावेल ते पाहावे. हे सर्व करावे. पण त्यानंतर बंदुकीवर न चढविता ती घेऊन तीनचार सायंकाळी शेताच्या बांधावर जावे. शंभर पावलांवर एक खुंट, एक काळी शेळी आणि कांबळे पांघरून बसलेला आपलाच माणूस, असे तिघे ठेवावेत; त्यांच्या जागा दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्याव्यात. मग घड्याळ पुढे ठेवून पाहत राहावे. तिघे दिसेनासे झाले तो क्षण कोणीही सांगेल. तो क्षण निरुपयोगी आहे. कोणता कोण हे निःशंकपणे सांगता येईनासे झाले, तो क्षण लिहून ठेवावा. त्या दुर्बिणीची आणि त्या डोळ्याची खरी मर्यादा ती होय. त्यानंतर भिंगात जे दिसत राहते ते दिसणे नव्हे. आणि हा क्षण येण्यापूर्वीही, डुकरीण असेल तर तिच्यामागे पिले आहेत काय, आज्ञा याच जनावरापुरती आहे काय, पलीकडे वस्ती आहे काय, हे प्रश्न भिंगाला न विचारता स्वतःला विचारावे लागतात.

दुर्बीण चांगली की वाईट हे तिने किती नेम साधून दिले यावरून ठरविण्याची चाल आहे. आमच्या मते ते तिने किती नेम वेळीच आवरावयास लावले यावरून ठरवावे. झाडाखाली वाकलेली आकृती मोहफुले वेचणाऱ्या बाईची आहे, हे दोन मिनिटे आधी ज्या काचेने दाखविले, तिची किंमत कोणत्याही संधिप्रकाशांकात मोजता येणार नाही. ती दोन मिनिटे माणसाला नेम धरण्यासाठी मिळालेली नसतात; बोट मागे घेण्यासाठी मिळालेली असतात. जो ती तशी वापरील त्याच्या हाती हे साधन सुखाने द्यावे. इतरांना दिवसाढवळ्यासुद्धा ते देऊ नये.